फ्लेक्सवरचा 'माजी'

मंगळवार, संध्याकाळ

अमळनेरला आज माझा सत्कार झाला. शाल, नारळ आणि मागे भलामोठा फ्लेक्स: 'माजी आंतरराष्ट्रीय क्रिकेटपटू'. खांद्यामुळे संघाबाहेर आहे, पण निवृत्त कधी झाले मी? मंडळाच्या पोरांनी हौसेने छापलं, त्यांना काय बोलणार? पण तो 'माजी' भाषणभर पाठीत टोचत राहिला.

माझ्या हातात पहिला बॉल देणारे आबा शेजारीच होते. हळूच म्हणाले, "माय, तुना खेळ अजून बाकी शे ना?"

"शे, आबा."

निघताना फ्लेक्स मागून घेतला. पोरांना वाटलं, आठवण म्हणून. डॉक्टरांनी बॉलिंगला होकार दिलाय. उद्या सकाळी तो खेळपट्टीवर अंथरणार, टप्प्याच्या जागी बरोबर 'माजी' येईल असा. तो शब्द फाटेपर्यंत टप्पा तिथेच टाकणार.