चॅपलच्या जागी नर्सिंगची इमारत

शुक्रवार, टॅम्पिनीस

आज मीटिंगमध्ये आमचे धर्मगुरू पास्टर टॅन चिडणार, याची मला खात्री होती. आमच्या लुथरन ख्रिस्ती विद्यापीठाच्या विस्ताराचा आराखडा माझा. नर्सिंगचे वर्ग वाढवायचे तर इमारत हवी, आणि मोकळी जागा कुठेच नाही. म्हणून मी पास्टरांच्या छोट्या चॅपलवर, म्हणजे प्रार्थनाघरावर, बोट ठेवलं. त्यांचं लग्न तिथेच झालेलं. ठाऊक असूनही ठेवलं.

पण पास्टरच म्हणाले, "पाडा. आजाऱ्यांची सेवा हीसुद्धा प्रार्थनाच."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "पास्टर, वाईट नाही वाटत?"

"खूप वाटतं. लग्न झालंय माझं तिथे."

हे इतकं सरळ सांगितलं की मलाच भरून आलं. मी हिंदू, पुण्याची. मला एवढं का लागावं? घाईघाईने म्हटलं, "नव्या इमारतीत प्रार्थनेला एक खोली ठेवू."

"ठेव. पण बाक रुंद असू देत," ते हसले. "रात्रीच्या ड्यूटीवरून आलेल्या नर्सिंगच्या मुली प्रार्थनेच्या नावाखाली झोपायला येतात. म्हणून तर मी उपदेश हळू आवाजात करतो."