गाळाखालचा आरिंतू

बुसेलश,
५ डिसेंबर १९६७

चि. आदेलीनू यास फेलिश्मीनाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही जिवंत आहोत. आधी एवढं वाच, मग खाली बस आणि पुढचं वाच. गेल्या महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी रात्री आपल्या त्रांकाँव नदीने पूर आणून जे केलं ते फ्रान्सच्या वर्तमानपत्रात आलं असेल किंवा नसेल. इथल्या वर्तमानपत्रात तर मेलेल्यांचा नीट आकडाही येत नाही. लिस्बनपर्यंत सगळी खोरी रडताहेत.

रविवारी उजाडल्यावर बाबा आणि मी दार उघडून बाहेर आलो, तर खालचा द्राक्षमळा नव्हताच. जिथे वेल होते तिथे पिवळा, गुळगुळीत गाळ पसरला होता आणि वर ऊन पडलं होतं. काही ठिकाणी काड्यांची टोकं तेवढी बाहेर दिसत होती. इतकं शांत मी आयुष्यात काही पाहिलेलं नाही रे. देवळातही नाही.

एक नवल सांगते. वाईनघरात छातीइतकं पाणी चढलं होतं आणि त्यात यंदाच्या वाईनची पिंपं तरंगली. रात्रभर एकमेकांना धडकत फिरली असतील. पाणी ओसरलं तशी ती जिथे टेकली तिथे उभी, एकाचंही बूच निघालेलं नाही. बाबांनी चव घेतली. म्हणाले की जशीच्या तशी आहे, दात आंबवणारी. एवढं बोलले आणि डोळे पुसून माझ्यावरच खेकसले की उभी काय राहिलीस, केरसुणी आण.

आता वाईट बातमी. पुलाजवळच्या किंतीनूकाकांची झुल्मीराकाकू सापडत नाही. कोंबड्या वर आणते म्हणून नदीकडे गेली ती गेलीच. कोंबड्यांचं खुराडं आपल्या मळ्याच्या बांधावर सापडलं. तेव्हापासून बाबांनी ठरवलं आहे की गाळात फावडं घालायचं नाही. म्हणतात, माझ्या फावड्याने त्या बाईला इजा झाली तर मी कोणत्या तोंडाने जगू?

तू मळ्यातलाच आहेस, तुला वेगळं सांगायला नको. कलमाचे सांधे सगळे गाळाखाली आहेत. वसंतापर्यंत ते उघडे केले नाहीत तर वरच्या आरिंतू द्राक्षाला स्वतःची मुळं फुटतील, किड्याला दाद न देणारा खालचा जंगली खुंट नुसता पडून राहील, आणि मग मुळांतला किडा येऊन सगळं फस्त करेल. आजोबांच्या लहानपणी अख्ख्या दरीचे मळे त्यानेच खाल्ले. बाबांना हे माझ्याहून जास्त कळतं. तरी ते रोज बांधावर उभे राहतात आणि परत येतात.

तू काळजी करू नकोस असं लिहिणार नाही. कर, पण जेवत जा.

लोभ आहेच, तो नदीने नेलेला नाही.
तुझी ताई


साँ दनी,
१७ डिसेंबर १९६७

ती. ताईस आदेलीनूचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून दोन दिवस कामावर कुणाशी बोललो नाही. फोरमनने विचारलं की प्रेमभंग झाला का. हो म्हणालो, कोण समजावत बसणार.

झुल्मीराकाकू नाही हे मला खरंच वाटत नाही. द्राक्षतोडणीला गाणं तीच सुरू करायची आणि दुसऱ्या कुणी सुरू केलं तर मधेच तोडून, सूर चुकला म्हणून पुन्हा पहिल्यापासून लावायची. माझ्या टोपलीत पानं जास्त नि द्राक्षं कमी असतात असं तिने एकदा भर पंगतीत जाहीर केलं होतं. अजून कुणी मला सलाड दिलं की तिची आठवण येते.

पण ताई, बाबांना समजाव. इतक्या दिवसांनी ती तिथे कशाला असेल? तो पूर मोठमोठी झाडं थेट तेजू नदीपर्यंत घेऊन गेला, असं इथे आलेला एक लोरशचा माणूस सांगतो. मी रोज बुलडोझर चालवतो. असं यंत्र भाड्याने मिळवा, चार दिवसांत वरचा गाळ खरवडून निघेल. मी आलो असतो तर स्वतः केलं असतं. पण मी भरती चुकवून पळालेला, सरहद्दीवर पाऊल ठेवलं की मला थेट आफ्रिकेतल्या लढाईवर धाडतील, नाहीतर कोठडीत. हे पत्रही गावी येणाऱ्या माणसाच्या हाती देतोय.

मळा गेला तर बाबा जगणार नाहीत. मी स्पष्ट लिहितो, राग मानू नकोस.

बाबांना नमस्कार. ते घेत नसले तरी त्यांच्यासमोर ठेव.
तुझा लांबचा धाकटा,
आदेलीनू


बुसेलश,
१२ मार्च १९६८

चि. आदेलीनू यास अनेक आशीर्वाद आणि एक चापट.

तुझी पत्रं मी मोठ्याने वाचते हे तुला ठाऊक नाही का? नाताळनंतर तुझं पत्र हाती पडलं तेव्हा किंतीनूकाका चुलीजवळ कोबीचं सूप पीत बसले होते. मी आपली वाचत सुटले आणि बुलडोझरपाशी आले तेव्हा जीभ चावली. पण शब्द बाहेर पडून गेला होता. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता दुसरा पूर येतो.

काकांनी सूप संपवलं. वाटी पावाने पुसली. मग बाबांना म्हणाले की पोरगं चुकीचं सांगत नाही बेलार्मीनू, गाळ काढायलाच हवा. पण माझी बायको तिथे असली तर तिच्यावरून यंत्र जाणार नाही. हातांनी काढू. आणि नसली तर वेल तरी वाचतील. तुझे वेल तिच्यामुळे मेले असं गावाने म्हटलेलं तिला चालेल का? तुला झोपू देणार नाही ती.

दुसऱ्या दिवशी ते गुडघ्यांवर बसून पहिल्या वेलाभोवतीचा गाळ ओंजळीने काढत होते. बाबा थोडा वेळ बांधावर उभे राहिले. मग टोपी काढली आणि त्यांच्याशेजारी बसले. फावडं नाही, कुदळ नाही. हात, लाकडी पळ्या आणि मुलांच्या बादल्या. दुपारपर्यंत मीही बसले. रविवारची प्रार्थना झाल्यावर पाद्रीबाबा झगा खोचून आले आणि त्यांच्यामागून जवळजवळ सगळं गाव. आदेलीनू, आख्खं गाव मळ्यात गुडघ्यांवर! कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. प्रत्येक खोडापाशी हात आधी हळू जायचा, चाचपायचा, मग सांधा लागला की माणूस वर पाहून मान हलवायचा. सांधा सापडल्याचा आनंद व्हायचा आणि त्याच वेळी काकांकडे पाहवायचं नाही.

पलीकडच्या मळ्याच्या ग्रासियानूने मात्र आम्हाला वेड्यात काढलं. म्हणे नदीने फुकट खत दिलं आहे, ते तुम्ही फेकताय. त्याने गाळ तसाच ठेवला. बाबा म्हणाले की याचे वेल दोन वर्षं माझ्यापेक्षा हिरवे दिसतील आणि तो मला रोज हिणवेल, त्यानंतर बोलायला वेल उरणार नाहीत.

काकू सापडली नाही. शेवटचा वेल मोकळा झाला तेव्हा काका उठले, हात झटकले आणि आमचे आभार मानून घरी गेले. आभार त्यांनी मानले, हे लक्षात घे.

छाटणी उशिरा झाली. वेल जगले की नाही ते कळायला मार्ग नव्हता. काल बाबांनी हाक मारली आणि आवाज असा होता की मी अनवाणी धावले. प्रत्येक छाटलेल्या काडीच्या टोकातून पाणी ठिबकत होतं. एकूण एक वेल जिवंत. जमिनीतून पाणी वर चढत होतं आणि उन्हात थेंबाथेंबाने परत खाली पडत होतं. दरवर्षी होतं हे, लहानपणापासून पाहते आहे. पण काल मी थेंबाखाली तळहात धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. बाबा सगळ्या ओळींतून टोपी हातात घेऊन हिंडले.

तुझा नमस्कार बाबांनी घेतला. मी ठेवला आणि त्यांनी उचलला, असं समज.

माया कमी होऊ देऊ नकोस, पत्र तर मुळीच नको.
तुझी ताई


साँ दनी,
२ एप्रिल १९६८

ती. ताईस सा. न. वि. वि.

चापट पोचली. काकांना तोंड कसं दाखवू ते मला कळत नाही, म्हणून तूच त्यांचे हात माझ्या वतीने कपाळाला लाव.

येताना तू बांधून दिलेली आपल्या वाईनची जुनी बाटली मी लग्नासाठी राखली होती. लग्न लांबच दिसतंय, म्हणून तुझ्या पत्राच्या दिवशी उघडली. शेजारच्या खोलीतला बर्गंडीचा गवंडी वाईनबद्दल मला रोज शिकवत असतो, त्याला पहिला घोट दिला. चेहरा लिंबू चावल्यासारखा झाला. साखरेचा कण नाही की काय, असं म्हणाला. मग दुसरा घोट घेतला आणि पेला उजेडात धरला. बाहेर रंग सोन्याचा, आत धार तशीच. शेवटी त्याने विचारलं की हे कुठलं. मी एवढंच म्हणालो की बुसेलश. ज्या मातीतून हे आलं तिच्यावर गाव गुडघ्यांवर बसलं होतं, हे मी फ्रेंचमध्ये कसं सांगू? मरायच्या आधी एकदा तो मळा पाहायचा आहे, ताई.

आठवण असू द्यावी.
तुझा आदेलीनू


बुसेलश,
३ नोव्हेंबर १९६८

चि. आदेलीनू यास अनेक आशीर्वाद.

मरायच्या आधी वगैरे पुन्हा लिहिलंस तर बाबांना सांगेन. राजवटी बदलतात, तू तब्येत सांभाळ.

तोडणी झाली. द्राक्षं थोडी, पण काय द्राक्षं! रस पिंपात आंबून फसफसतो आहे आणि वाईनघरात गेलं की बाबांचा आवाज आपोआप खाली येतो. तोडणीच्या पहिल्या दिवशी गाणं कुणी सुरू करेना. सगळे खाली मान घालून तोडत होते. दुपारी कधीतरी किंतीनूकाकांनीच तोंड उघडलं. जन्मात न गायलेला माणूस, इतका बेसूर की कुत्रं उठून गेलं. आम्ही रडत रडत त्यांच्यामागून म्हटलं.

काल मृतांच्या स्मरणाचा दिवस. सगळे शेवंती घेऊन दफनभूमीत जातात आणि काकांना जायला कबर नाही. सकाळी मी खिडकीतून पाहिलं तर ते एकटेच फुलं घेऊन खाली मळ्याकडे चालले होते. मी बाबांना उठवलं. आम्ही बाहेर पडलो तोवर पाद्रीबाबा दफनभूमीच्या दारातून वळले होते, आणि त्यांच्यामागून लोक. आपापल्या माणसांच्या कबरींवर फुलं ठेवून त्यातली एकदोन प्रत्येकाने मागे राखली होती. ग्रासियानूनेसुद्धा. काका बांधावरच थबकले होते, दुसऱ्याच्या जमिनीत फुलं घेऊन शिरायचा त्यांना संकोच वाटत असावा. बाबांनी टोपी काढली, बाजूला सरकले आणि म्हणाले की पुढे हो किंतीनू, आपल्या माणसाकडे आधी आपण जायचं.

एकेका खोडापाशी एकेक फूल ठेवलं गेलं. पानं पिवळी झाली होती, शेवंतीही पिवळी. मी देवाला काही मागितलं नाही, मागायचं सुचलंच नाही.

आणि आज सकाळी बाबा बूट घालून निघाले. कुठे निघालात म्हणून विचारलं, तर मळ्यात जातो असं म्हणाले नाहीत. म्हणाले, झुल्मीराकडे जाऊन येतो.

तुझी वाट पाहणं चालूच आहे, त्यात खंड नाही.
तुझी ताई,
फेलिश्मीना