बोडीतला काळा दगड

प्रिय बाबा,

आज सोमवार, २ जून. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे झाली आहेत. मी पाटी रंगवत होतो. ‘आभाळातून पडलेला दगड. शोधणारे’ इथपर्यंत लिहिलं आणि ब्रश थांबला. पुढे तुमचं नाव घालायचं आहे. हात जात नाही, म्हणून तुम्हालाच लिहितो आहे.

उद्या सकाळी माय तो दगड बोडीच्या पाळीवर, आपल्या तळ्याच्या बांधावर, मांडून त्याला शेंदूर लावणार आहे. एकदा शेंदूर लागला की तो देव झाला. मग खरं बोलायला मला तोंड राहणार नाही.

बाबा, तो दगड आभाळातला नाही. मी आणला होता.

माझ्या आठवीच्या पुस्तकात चंद्रावरच्या खड्ड्यांचं चित्र होतं, आठवतं? मासोळ्या साफ करता करता तुम्ही ते पाहिलंत. "आपली बोडी बी अशीच गोल हाय ना गा. इथी बी आभाळातून गोटा पडला असन." तेव्हापासून दर उन्हाळ्यात बोडी आटली की तुम्ही कुदळ घेऊन आत. माय म्हणायची, "गोटा सापडला तं त्याची भाजी करू का?" तुम्ही हसायचात, पण थांबत नव्हता.

मला त्या उन्हाची धास्ती वाटायची. गेल्या वर्षी मी घुग्घुसला ट्रकवर होतो. लोखंडाच्या एका भट्टीमागच्या ढिगातला काळा, भोकाभोकांचा, जळका दगड उचलला आणि बोडीत हातभर खोल पुरला. वाटलं, एकदा सापडला की बाबा सावलीत बसतील.

सापडला. पण तुम्ही बसलात का? "हा तं तुकडा हाय गा. मोठा अजून खालीच असन." यंदा तुम्ही दुप्पट खणू लागलात. तेव्हा तरी मी का बोललो नाही? गेल्या महिन्यात तिथेच, भेगाळलेल्या चिखलावर, ऊन लागून तुम्ही पडलात ते उठलाच नाहीत. कुदळ हातातच होती.

काल ते पुस्तक काढलं. शाळा सोडली तेव्हा पुढचं पान वाचायचं राहिलं होतं. त्यात लिहिलं आहे, एवढा मोठा खड्डा पाडणारा दगड स्वतः उरत नाही. आदळताच त्याची वाफ होते. खाली काहीच नसतं, बाबा. ते एक पान तुम्हाला वाचून दाखवलं असतं तर?

मायला सांगितलं तर तिच्याजवळ तुमचं काय उरेल? नाही सांगितलं तर ती रोज माझ्या खोटेपणाला हात जोडेल.

वचन देतो. शेंदूर कालवायच्या आधी तिला सांगेन. मग ती मला घरात ठेवो न ठेवो. पाटीवरची पहिली ओळ आत्ताच पुसतो. ‘शोधणारे’ तेवढं खरं आहे. ते ठेवतो, आणि त्यापुढे तुमचं नाव लिहितो.

तुमचा,
प्रफुल