चपलांची राखण

रविवार, संध्याकाळ. धाराशिव.

मिलिंदनं फोन माझ्या बायकोपुढं धरला आणि एकेक फोटो सरकवायला लागला. अंदमानचं निळं पाणी. तो आणि बाकीचे तिघं मित्र विंडसर्फिंगच्या फळ्यांवर, शिडं धरून उभे. पाचवा मी. काठावर, त्यांच्या चपला राखत. "वहिनी, आमचा गडी लई सांभाळून असतो बरं का!" ती हसली. मीही हसलो.

का हसलो?

तिथं सगळ्यांचे फॉर्म त्यानंच भरले. माझ्या नावापुढं न विचारता लिहिलं, पोहता येत नाही. वर शिकवणाऱ्याला सांगितलं, "आमच्याकडं प्यायला पाणी न्हाय, पोहणार कुठं?" तेव्हाही मी हसलो आणि चपलांपाशी जाऊन बसलो. शिडाला हातसुद्धा लावला नाही. आपल्या दुष्काळाची थट्टा परक्यापुढं आपणच करायची, ही कसली खोड? तो शहरात टँकरच्या पाण्यावर वाढला. मी बेंबळी गावचा. सातव्या वर्षी अण्णांनी पाठीला रिकामा डबा बांधून मला विहिरीत ढकललं होतं. एका वाक्यात सांगता आलं असतं. त्याचा राग येतोच, पण माझ्या त्या हसण्याचा जास्त येतो.

तो निघाला तेव्हा म्हणालो, "उद्या सकाळी बेंबळीला चल. विहिरीवर."

"कशाला?"

"चपला राखायला."

तो हसला. मी हसलो नाही.

सोमवार. पाणी बरंच खाली गेलं होतं, तरी वरूनच उडी मारली. पोहून वर आलो तर मिलिंद काठावर बसलेला. माझ्या चपला त्यानं सावलीत ठेवल्या होत्या.