पाण्याच्या खान्यातली रेघ

११ ऑगस्ट
शेठने आज पीसीआर मशीनला झेंडूचा हार घातला. वर हळदकुंकू. बटणाच्या फटीत कुंकू गेलं, ते मी टाचणीने काढत बसले. अकरा वर्षांचा अनुभव, एम.एस्सी. प्रथम श्रेणी, आणि हे काम.
पाहुणे होते, त्याच्या दाणाबाजारातले. मयूरशेठ त्यांना सांगतोय, "ह्याच्यात केळीचं पान टाकलं की जीन कळतो." एक पाहुणा म्हणाला, "जीन म्हणजे कोणाचा? सरकी निघते का?" त्याला वाटलं कापसाची जीन-फॅक्टरी. सगळे हसले, शेठही. हसून वर मलाच म्हणतो, "मॅडमजी, समजावा ना जरा."
समजावलं. पान वाटायचं, त्यातला आरएनए काढायचा. केळीवरच्या हरण्या रोगाच्या विषाणूचं जनुक त्यात असेल तर मशीन त्याच्या नकला काढतं. मग जेलमध्ये वीज सोडायची. जनुक असेल तर रेघ, नसेल तर खाना कोरा. इतकं सोपं. पाहुण्याने विचारलं, "आणि लाइट गेली तर?"
खतांच्या दुकानाची कमाई प्रयोगशाळेत घातली की माणूस शास्त्रज्ञ होत नाही, हे कोणीतरी शेठला सांगायला हवं.

१४ ऑगस्ट
रावेरकडचे एक नाना आले, सत्तरीचे. स्टीलच्या डब्यात ओलं फडकं, त्यात पाच पानांचे तुकडे. प्रत्येकाला दोऱ्याने लग्नपत्रिकेची चिठ्ठी बांधलेली. नमुने असे आणतात! बर्फ नाही, पिशवी नाही.
त्यांच्या बागेत एक ठेंगणं खोड सापडलं होतं म्हणे, वाऱ्यात न पडणारं आणि घड मोठा देणारं. सहा-सात वर्षं त्याच्याच बुडाशी फुटलेली पिलं निवडून लावत आलेत. आता पाच खोडं आहेत. एका नर्सरीला त्यापासून टिश्यूकल्चरची रोपं करायचीत. त्याआधी विषाणू नाही असा दाखला हवा.
"पान तं निरोगी हाये, बाई. मी रोज पाह्यतो."
म्हटलं, नाना, विषाणू डोळ्यांनी दिसत असता तर आम्ही कशाला बसलो असतो इथे?
"व्हय, तेबी खरंच," म्हणाले. यांचं हे "तेबी खरंच" म्हणजे ऐकलेलं काहीच पटलेलं नाही.

१७ ऑगस्ट
नानांचे पाच नमुने केले. वाटण्याचं काम अक्कांनी केलं. अक्का शिंदखेड्याच्या, आधी तिथल्या कॉलेजात लॅब अटेंडंट होत्या. बारावी. मुलगा जळगावात लागला म्हणून इकडे आल्या नि शेठने ठेवून घेतल्या. खल-बत्ता चांगला चालतो, बाकी सगळं अहिराणी. एवढं तेवढं सगळं वहीत लिहितात, शाळेतल्या मुलीसारखं, पट्टीने रेघा मारून.
पाचही खान्यांत रेघ. ठळक. पाचांपैकी पाच!
रोज पाहतात म्हणे.
जेलवरच्या निळ्या उजेडात अक्का माझ्या खांद्यावरून डोकावल्या. "ताई, पाणीना खानामा बी रेघ दिखस."
एका खान्यात नुसतं पाणी घालतो आम्ही. तो कोरा राहिला पाहिजे, एवढीच त्याची नोकरी. पाहिलं. असल्यासारखी वाटली, नसल्यासारखीही. शेजारच्या खान्याची सावली असते कधीकधी. म्हटलं, अक्का, चष्म्याचा नंबर तपासून घ्या. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.
रिपोर्टला फोटो लावताना नमुन्यांचे खाने तेवढे घेतले. जागाही कमी होती.

१८ ऑगस्ट
शेठला रिपोर्ट दाखवला. त्याचं तोंड उतरलं. नर्सरीवाले त्याचे ओळखीचे, त्यांना काय सांगणार ही काळजी.
"मॅडमजी, परत एकदा करून बघायचं का? आमच्या बापूजींचं म्हणणं होतं, दोनदा तोललं की कोणी बोलत नाही."
म्हणजे जनुक आणि युरिया एकाच तराजूत. सांगितलं, ही तपासणी आहे, भाव नाही की दुपारी बदलेल. माझ्या सहीवर संशय असेल तर सही दुसऱ्याची घ्या. "नाही नाही, तसं नाही," करत गेला.
सही केली. तारीख, वेळ.

२० ऑगस्ट
नानांना फोन. नीट सांगितलं. पाचही खोडांत हरण्याचा विषाणू आहे. लक्षणं आज नाहीत, उद्या दिसतील. मावा तो रोग इतर बागेत नेईल. कंदासकट काढा, जाळा, खड्ड्यात चुना टाका.
नानांनी एवढंच विचारलं,
"पाचही?"
पाचही.
"आन शेजारच्या वळीले काही व्हनार नाई ना मंग?"
नाही होणार, लवकर काढलंत तर.
"तुमी म्हनता तं काढतो."
दोन मिनिटं अकरा सेकंदांत काम झालं. एरवी शेतकऱ्यांना हेच पटवायला आठवडा जातो.

२४ ऑगस्ट
नानांचा फोन. "काढले, बाई." एवढंच. मी म्हटलं, छान केलंत.

२६ ऑगस्ट, धुळे
रविवार म्हणून घरी. नवऱ्याच्या, हेमंतच्या, कॉलेजातले दोघे प्राध्यापक मित्र जेवायला. दोघेही पीएच.डी., दोघांनीही गेल्या दहा वर्षांत परीक्षानळी हातात धरली नसावी. त्यांना नानांची गोष्ट सांगितली. पाच निरोगी दिसणारी खोडं, पाचही रोगी, एका दिवसात पकडली. चांगली रंगली गोष्ट. ताटातल्या शेंगोळ्यांपेक्षा जास्त.
भांडी आवरताना हेमंत म्हणाला, "ब्लँक कसा आला होता?" केमिस्ट्रीवाला. ब्लँक म्हणजे तो पाण्याचा खाना. नको तिथे बोट.
म्हटलं, कोरा.
का म्हटलं असं? सावलीच होती ती. मग कोराच.

२९ ऑगस्ट
आज काय झालं ते सरळ लिहिते.
एका नर्सरीचे आठ नमुने होते. जेल पाहिलं. आठही ठळक. एकाच खेपेला सगळी नर्सरी रोगी? असू शकतं. पाण्याच्या खान्यात पुन्हा ती पुसट रेघ. आणि एक खाना जास्तीचा, नववा; अक्कांनी वाटून दिलेल्या नळ्या मी न मोजताच लावल्या होत्या. त्यातही रेघ, बाकीच्यांइतकीच ठळक.
"अक्का, हा नऊ नंबर कुठला? आठच आलेत ना?"
अक्का हात पुसत उभ्या. "टीपकागद व्हता, ताई. कोरा. पानना बदल्यात तोच वाटा."
पानाऐवजी वाटलेला टीपकागद.
"तुम्हले सांगं तं तुम्ही चष्मावर गयात. माले वाटनं, एकदाव कोरं बी तपासी देखू."
म्हणजे टीपकागदाला केळीचा हरण्या रोग झाला आहे. खूप ओरडले मी त्यांच्यावर. न विचारता नमुना घुसवला, नियम आहेत की नाही, ही काय शिंदखेड्याच्या कॉलेजची लॅब आहे का. त्या म्हणाल्या, "बठ्ठं फेकनं पडी आते."
वही मागितली. १७ ऑगस्टच्या पानावर पट्टीने आखलेल्या चौकटीत लिहिलंय: पाण्याचा खाना, पुसट रेघ, ताईंना सांगितले.
ताईंना सांगितले.

३० ऑगस्ट
सगळी द्रावणं फेकली, नवी उघडली. पिपेटा खोलून धुतल्या. नानांच्या पाचही पानांचे उरलेले तुकडे उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये होते. या वेळी वाटण्यापासून सगळं नव्याने. अक्कांचा टीपकागदही लावला, मीच.
पाच खाने कोरे. टीपकागद कोरा. पाणी कोरं. रोगी म्हणून मुद्दाम ठेवलेल्या नमुन्यातच फक्त रेघ, जिथे असायला हवी तिथे.
नानांची पाचही खोडं निरोगी होती.
दोष सापडला. आरएनए काढायच्या द्रावणाची छोटी बाटली. मोठ्या बाटलीतून मी भरलेली, माझ्या अक्षरात तारीख. त्याच टेबलावर, त्याच पिपेटने, त्या मुद्दाम ठेवलेल्या रोगी नमुन्याला हात लावल्यावर. अक्कांना त्या टेबलाला हात लावायची परवानगीच नाही. मीच दिलेली नाही.
इथे शिकायला येणाऱ्या पहिल्या वर्षाच्या पोरी असं करतात तेव्हा मी त्यांना सगळ्यांसमोर बोलते.

१ सप्टेंबर
मसुदा केला: "तांत्रिक कारणास्तव सुधारित अहवाल पाठवत आहोत." तांत्रिक कारण! बीए पास कारकुनाने लिहावं असं वाक्य. फाडलं. दुसरं लिहिलं, तेही तसंच निघालं.

३ सप्टेंबर
शेठला सांगितलं. खरं सांगायचं तर एका आशेने सांगितलं. व्यापारी माणूस, तोच म्हणेल, जाऊ द्या मॅडमजी, खोडं तर गेलीच, कशाला उकरता. मग मी त्याच्या नावाने बोटं मोडत गप्प बसले असते. सोय होती ती.
शेठने सगळं ऐकलं. पाणी प्यायला. म्हणाला, "नानांना फोनवर नाही सांगायचं हे. बुधवारी गाडी काढतो. तुम्ही, मी, अक्का."
म्हटलं, तुम्ही कशाला?
"दुकान माझं आहे ना, मॅडमजी."
दुकान! प्रयोगशाळा म्हण की रे बाबा, एकदा तरी.

५ सप्टेंबर
रावेर. सावद्याच्या पुढे केळीच्या ट्रकांची रांग, अर्धा तास गाडी जागची हलली नाही. शेठ कोणाशी तरी फोनवर भावाचं बोलत होता. अक्का मागे पाय वर घेऊन झोपलेल्या. मी वाक्यं जुळवत होते.
नानांनी आधी खड्डे दाखवले. न विचारता. पाच, चुन्याने पांढरे. सांगितलं तसं अगदी.
सांगितलं मी. उभ्यानेच. पाचही खोडं निरोगी होती, चूक आमची. मग "आमची" बदलून "माझी" म्हटलं.
"मंग ते चांगले व्हते?"
हो.
शेठ काहीतरी बोलायला लागला, नानांनी त्याला हाताने थांबवलं. मला विचारलं, "तुमाले तवाच काही दिसलं व्हतं का?"
हेमंतला जे म्हटलं तेच जिभेवर आलं होतं. अक्का बाजूलाच होत्या. त्या काही बोलल्या नसत्या, आता मला ते ठाऊक आहे. त्या नसत्या तर मी काय बोलले असते, ते मात्र ठाऊक नाही.
म्हटलं, दिसलं होतं. पुसट रेघ होती. अक्कांनी दाखवली. मी नाही म्हटलं.
"काबर?"
काबर! का नाही म्हटलं, याचं उत्तर एम.एस्सी.त शिकवलं नव्हतं. तुम्ही लग्नपत्रिकेची चिठ्ठी बांधून पान आणलंत म्हणून. अक्का बारावी म्हणून. शेठ खतवाला म्हणून. यातलं काहीच तोंडातून निघालं नाही.
नाना वळले आणि बांधावरून घराकडे गेले. मागे पाहिलं नाही.
त्यांच्या बायकोने, काकूंनी, ओट्यावर चहा दिला. मलाही दिला, कप माझ्यासमोर जरा आपटला, बरं वाटलं. त्याच म्हणाल्या, बोदवडला भाचीच्या शेतात लावायला जूनमध्ये यांनी चार पिलं दिली होती. दोन त्या ठेंगण्या खोडाची, दोन साध्या ओळीतली. कुठली कुठे लावली ते भाचीने काही लिहून ठेवलेलं नाही. चारही आता गुडघ्याच्या वर आहेत, सारखीच दिसतात.
पानं आणू का, विचारलं. आतून नानांचा आवाज, "त्या बाईले नाई. आनायचे तं या अक्का आनतीन."

८ सप्टेंबर
अक्का बोदवडला रेल्वेने जाऊन आल्या. चार नमुने, बर्फात, पिशवीवर नंबर, वहीत शेताचा नकाशा काढलेला, विहिरीपासून कोण किती पावलांवर. इथे शिकायला येणाऱ्या पोस्ट-ग्रॅज्युएट मुलींना असा नकाशा काढता आला नसता. मलाही नाही.

१० सप्टेंबर
सगळं अक्कांनी केलं. मी खुर्चीत बसून सांगत होते. दोनदा टोकलं, दोन्ही वेळा माझंच चुकलं. टीपकागद आता कायमचा, रोज एक खाना त्याचा.
चारही कोरे. पाणी कोरं. टीपकागद कोरा. शेठच्या सांगण्यावरून दोनदा केलं.
शेठ खूश. लगेच, "मॅडमजी, आता मशीनवर बघा ना, चारातली नानांची दोन कुठली."
नाही कळणार, म्हटलं. का नाही? कारण हरण्याचं कुठलं जनुक शोधायचं ते आम्हाला माहीत आहे, म्हणून त्याची रेघ काढता येते. नानांचं खोड ठेंगणं का आणि त्याचा घड मोठा का, हे कुठल्या जनुकात आहे ते इथे कोणालाच माहीत नाही. काय शोधायचं तेच ठाऊक नसेल तर रेघ कशाची काढू? एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याला नीट समजलं असावं.

११ सप्टेंबर
रिपोर्ट तयार. खाली अक्कांची सही मराठीत, त्याखाली माझी. नियमात बसत नाही. बसवला.
मग नानांना फोन. मीच केला. शेठ म्हणाला मी करतो, नको म्हटलं. सांगितलं, चारही निरोगी. पण तुमची दोन कुठली ते आमच्याने होणार नाही. जगली तर ठेंगणी कुठली ते दिसायला उन्हाळ्यापर्यंत वाट पाहावी लागेल. आणि तीही वाढणार बोदवडच्या पाण्यावर, तुमच्या नाही.
"तेबी खरंच," म्हणाले.
मी विचारलं, नाना, तोपर्यंत मी काही करू शकते का?
पलीकडे कोणीतरी ट्रॅक्टर सुरू करत होतं, तो दोन-तीनदा बंद पडला.
"घड येऊ द्या, बाई. मंग पाहू तुमचं काय करायचं ते."