टाचेतली सुई

ताई,

काल फोनवर तू विचारलंस, "पाय दुखतो का रे?" मी म्हणालो, "अजिबात नाही." खोटं नव्हतं ते.

परवा मशीनची तुटकी सुई टाचेत घुसली आणि मी दिवसभर कपडे शिवत राहिलो. फरशीवरचं रक्त बायकोला दिसलं, मला पत्ताच नाही. रक्तातल्या साखरेनं पाय बधिर केलेत. डॉक्टर म्हणाले, "दुखलं असतं तर बरं होतं."

लहानपणी तू काटा काढायचीस तेव्हा मी ओरडून गल्ली डोक्यावर घ्यायचो. आता एवढं लिहितानाही, आत काही टोचणारं तर नाही ना म्हणून, तीनदा उठून चपला झटकल्या.

हे पत्र मी टाकणार नाही. तू धावत येशील, टाच दाबून बघशील, आणि तुझ्यासाठी मला खोटं खोटं ओरडावं लागेल.

तुझा रडका