कपबशांचा रहाट

दि. ४ जाने. १९५३, रविवार
सौ.च्या मौनव्रताचा एकेचाळिसावा दिवस. व्रत तिने घेतलेले नाही; अर्धांगवायूने लादले आहे. माणिकपूरचे डॉ. पुन्हा बजावून गेले, "मास्तर, या महिन्यात बोलत्या झाल्या तर झाल्या." पुढचे वाक्य त्यांनी गिळले. मला ते पचलेले नाही.

दिवसभर खिडकीतून विहिरीकडे पाहते. तिथे दिवाळीपासून ऑइल इंजिन. रहाट मोडून सरपण केले, पवळ्या बैल चांदीप गावी देऊन टाकला. प्रगतीचे पुरस्कर्ते: अस्मादिक. वीस वर्षे रहाटाची कुरकुर थांबली रे थांबली की स्वयंपाकघरातून हिची गर्जना, "चल रे पवळ्या, पेंगतोस काय! मालक पेंगतो तेवढं पुरे!" बैल चालू लागे. मीही.

दि. ७, बुध.
संकल्प: खोलीतच, हिच्या खाटेजवळ, खिडकीसमोर लघुरहाट. साहित्य: सायकलचे चाक, त्यावर कान तुटलेले कप अकरा, खाली पाण्याची परात. बैल बिस्किटांच्या डब्याच्या पत्र्याचा. मुद्रा अनवधानाने अस्मादिकांसारखी. चालकशक्ती: ग्रामोफोनची किल्लीची मोटर. कप काठोकाठ भरले तर यंत्रराज मूर्च्छित होतात, म्हणून अर्धेच. जोडणीस शेजारचा पास्कू सुतार. "मास्तर, कप कमी पडले तर बश्या लावू?" तज्ज्ञांशी वाद घालू नये. तीन बश्या लावल्या.

दि. ९, शुक्र.
फिरले. परंतु निःशब्द! पास्कूने आसाला खोबरेल पाजलेले. सौ.ने मान फिरवली. म्हटले, बाबा रे, कुरकुर हवी.
"आख्खा जन्म लोक मला कुरकुर बंद करायला बोलावतात, मास्तर!"
लाकडी आस, वर राख. अखेर तोच स्वर. सौ.चे डोळे चाकावर आले आणि तिथेच राहिले.

दि. ११, रवि.
किल्ली चार मिनिटे पुरते. स्वर खंडित झाला तर हिला धक्का बसेल ही धास्ती. म्हणून उद्यापासून शाळेत रजा, आणि भोजन डाव्या हाताने, उजवा किल्लीवर. पूर्वजांनी क्षमा करावी. स्प्रिंग तुटली तर? विचारही नको. अखंड फिरते आहे. अखंड पाहते आहे. शब्द नाही.

दि. १३, मंगळ.
उद्या संक्रांत. गोड बोला म्हणतात. कडू बोलली तरी शिरोधार्य.

दि. १४, बुध.
दुपारी पास्कू दारात आला. त्याला तिळगूळ दिला, दोन शब्द अधिक झाले. आत कुरकुर थांबली. धावलो. उंबऱ्यात असतानाच आतून, घशातून ओढून आणल्यासारखे:
"प... पव..."
पास्कू मागे म्हणाला, "ठसका असंल, मास्तर."
असेल. मी घाईने किल्ली दिली. चाक फिरू लागले, ती गप्प झाली. गर्दभराज, तीन दिवस तूच तिला बोलू दिले नाहीस!

दि. १५, गुरु.
दहाचा सुमार. एकदाच किल्ली दिली आणि बाहेर आलो. दाराआड उभा राहून लिहितो आहे. डॉ.च्या महिन्याचे सोळा दिवस उरले. ठसकाच असेल तर...
कुरकुर मंदावली. थांबली.
किल्ली माझ्या खिशात. पत्र्याचा बैल आत उभा, हा हाडामांसाचा बाहेर. खाट करकरली. तिने श्वास घेतला,